लालबागमधली दिवेलागण आणि एक जर्मन डबा

नागपूरहून निघताना मी घरी ऐटीत सांगितलं होतं की एका बड्या जर्मन कलावंताचा दुभाष्या म्हणून मुंबईला चाललोय. दादरच्या हॉटेलात भेटला तो ऐंशी ओलांडलेला, काटकुळा योहान. कुशीत टॉवेलात गुंडाळलेला, भोकाभोकांचा पत्र्याचा डबा. तो त्याने मला उचलू दिला नाही.

लालबागकडे जाताना टॅक्सी रखडली आणि त्याचं आयुष्य ऐकायला मिळालं. लहानपणी, युद्धात, विमानांच्या भीतीने खिडक्यांवर काळं कापड. मेणबत्ती पेटवली तर आईचा रपाटा. पुढे चित्रकला शिकताना त्याने रंगच सोडले, डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आत बल्ब ठेवला आणि तो भिंतीपुढे हळूहळू फिरवला. मित्र रात्रभर भिंत बघत बसले. मग फिरती चक्रं, आरसे, मोठमोठी दालनं. आता तिकडच्या एका संग्रहालयाला हा पहिला डबा हवा होता, पण काचेआड, कायमचा विझलेला. परतल्यावर हो की नाही ते सांगायचं होतं. त्याआधी, गणपतीच्या रोषणाईचे फोटो पाहून मनात भरलेल्या लालबागमध्ये तो एकदा लावायचा होता.

तिथल्या एका चाळीत राहणाऱ्या, माझ्या ओळखीच्या मालवणी सुलभाकाकूंनी आधी जेवायला बसवलं. बांगड्याच्या कालवणातलं तिरफळ (वासासाठी घालतात, खात नाहीत) योहानने भक्तिभावाने चावलं. जीभ बधिर झाली आणि बराच वेळ जर्मन भाषा बंद पडली. माझी नोकरीच धोक्यात.

रात्री त्याचं विमान होतं, म्हणून वेळ संध्याकाळचीच. त्याने अंधार मागितला, आणि नेमके तेव्हाच दारोदारी दिवे लागू लागले. मी काकूंना दिवे बंद ठेवायची विनंती केली. काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तिनसांजेक घर काळोखात ठेवतत काय? खुळो मरे ह्यो."

'खुळो'चं भाषांतर मी 'आदरणीय' असं केलं. नकार मात्र त्याला कळला. तो डबा पुन्हा टॉवेलात गुंडाळू लागला. काकू ते बघत राहिल्या. आत काय आहे, त्यांनी विचारलं. बल्ब, मी म्हणालो.

"म्हणजे उजेडच मा? मग ह्योच आजचो दिवो."

त्यांनी आपला दिवा बंद केला आणि सगळ्या गॅलरीला (खोल्यांपुढच्या सामाईक पडवीला) तसंच करायला लावलं. योहानने बटण दाबून डबा हळूहळू फिरवला. ओल आलेल्या भिंतीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माणसांच्या कपाळांवर उजेडाचे ठिपके सरकू लागले. गॅलरीभर हात जोडले गेले. योहान गहिवरून वाकवाकून नमस्कार परतवू लागला.

"तुका नाय रे बाबा," काकू म्हणाल्या, "दिव्याक."

हे मात्र मी शब्दशः सांगितलं. तो वाकलेला तसाच थांबला, मग डब्याकडे वळला आणि त्याने हात जोडले.

विमानतळाच्या वाटेवर त्याने संग्रहालयाचं उत्तर मला बोलून दाखवलं. डबा मिळेल, पण रोज संध्याकाळी लावायचा; जमत नसेल तर नको.

त्यांना जमतंय की नाही, अजून कळलेलं नाही. मी नागपूरला परतलो तो नेमका दिवेलागणीला. बायकोने दिवा लावला, मी हात जोडले. जन्मभर हात जोडताना मी डोळे मिटत आलो होतो. त्या दिवशी उघडे ठेवले.