मोज्यांवरची पावलं

सिनेमात माणूस जिना चढतो तेव्हा जी पावलं ऐकू येतात, ती बहुधा त्या नटाची नसतात. उत्तर फ्रान्समधल्या रूबे गावी तयार झालेल्या कितीतरी सिनेमांत ती रेजी दलात्रची असायची. पडद्यासमोर उभं राहायचं, चित्राकडे बघत लाकडी फळीवर जागच्या जागी चालायचं आणि तो आवाज टिपून घ्यायचा, हे त्याचं तीस वर्षांचं काम. जुन्या जोड्यांनी भरलेल्या दोन ट्रंका त्याच्याकडे होत्या. रस्त्यात कुणाचा बूट वेगळा वाजला की हा त्याच्या मागे मागे जाई आणि कुठून घेतला म्हणून विचारी. बायको म्हणे, याला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, टाचा आठवतात.

एकदा एका कादंबरीवरचा सिनेमा त्याच्याकडे आला. खाणकामगाराचं घर, लहान मुलगी आणि तिला मारणारा बाप. ते बालपण कादंबरी लिहिणाऱ्या सोलांज वातेलबाईंचं स्वतःचंच होतं. शेवटी एकच प्रसंग राहिला. बाप जिना चढून वर येतो. पडद्यावर मात्र फक्त मुलीचा चेहरा दिसतो, त्यामुळे सगळा भार आवाजावर.

रेजीनं खिळे मारलेले जड बूट चढवले आणि फळी अशी दणाणवली की दिग्दर्शिका माएल खुर्चीत अंग चोरून बसली. तिला हेच हवं होतं. सगळे आवाज सिनेमाला जोडण्यासाठी त्याच दुपारी पुढे पाठवायचे होते.

सोलांजबाई मागे बसून ऐकत होत्या. रेजीची नजर सहज तिकडे गेली. बाईंचे खांदे सैल पडले होते, चेहरा तर चक्क निवांत. त्याला काही ते उमगेना. माएल आवराआवरीला लागली तरी हा बूट काढीना.

"रेजी, पुरे आता. त्या फळीलाही पेन्शन घेऊ दे," माएल म्हणाली.

रेजी बाईंकडे वळला. "मादाम, माझं काही चुकलं का? तुम्ही घाबरला नाहीत."

बाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग त्यांनी सांगितलं की, असं धाडधाड वाजलं म्हणजे बाप प्यायलेला असायचा. वर येऊन तो पलंगावर कोसळायचा आणि त्या दिवशी पोरं निर्धास्त झोपायची.

"प्यायलेला नसला की बूट खालीच काढायचा," त्या म्हणाल्या. "मोज्यांवर यायचा."

हे पुस्तकात कुठे आहे, असं माएलनं विचारलं. लिहायचा धीर झाला नाही, बाई म्हणाल्या. माएलनं घड्याळाकडे पाहिलं, मग फोन करून सांगितलं की आज काही पाठवणं जमणार नाही.

रेजीनं बूट काढले. मोज्यांतलं पाऊल टाचेवर न टाकता बोटांवर टाकलं. एक, दोन, तीन. फळी जेमतेम कण्हत होती. सहाव्या पावलाला त्यानं पाहिलं, तर बाईंनी दोन्ही कान झाकून घेतले होते. तो थबकला.

"थांबू का?"

बाईंनी हात खाली घेतले. "इथवर आलं की मी कान झाकायचे. पुढचं कधी ऐकलंच नाही मी."

"मग ऐकायचंय का?" रेजीनं हळूच विचारलं.

त्यांनी मान हलवली, हो म्हणून. माएलनं पुन्हा आवाज टिपायला सुरुवात केली, आणि रेजी उरलेल्या पायऱ्या चढू लागला.