आबांच्या रायफलीवर दुर्बीण

आबांना माशी दिसेनाशी झाली आहे, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पोळा होऊन आठवडा झाला असेल. ते ओट्यावर बसून रिकाम्या रायफलीने समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरत होते. डावा डोळा मिटायचा, उजवा बारीक करायचा, मग रायफल मांडीवर ठेवून डोळे पुसायचे. असं दहा-बारा वेळा झालं तेव्हा मी विचारलं.

"काही नही. डोयामा धूय गई," ते म्हणाले.

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा उभा काटा. जवळच्या खाचेतून माशी बघायची, माशी निशाणावर ठेवायची आणि श्वास रोखून घोडा दाबायचा. हे मला लहानपणापासून पाठ आहे, कारण वडील म्हणून आबांनी दुसरं काही शिकवलंच नाही. फौजेतून हवालदार म्हणून घरी आल्यावर ते आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या फाटकावर गनमन झाले. रायफल त्यांची स्वतःची. फौजेने बाद केलेली, नळी बदलून नागरी परवान्यात बसवलेली, गोळी आत सारायचा मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताळून हाताळून पांढरा पडलेला. दर वर्षी ऊस गाळप सुरू व्हायच्या आधी गनमन लोकांना चांदमारीवर नेतात. पाच गोळ्या, त्यातल्या तीन गोलात लागल्या पाहिजेत. मागच्या वर्षी आबांच्या बरोबर तीनच लागल्या होत्या. या वर्षी नाही लागल्या तर रायफल घरी आणि हातात दांडकं, हे आम्हाला माहीत होतं. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. 'फौजी' म्हणतात. दांडकं घेतलेल्या माणसाला फौजी म्हणतील का, हा प्रश्न ते कधी बोलले नाहीत, पण मला तो त्यांच्या डोळे पुसण्यात दिसायचा.

मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. त्यामुळे काहीही बिघडलं की ते मला येत असणार, असं घरात धरून चालतात. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, भौतिकशास्त्राला. प्रयोगशाळेत भिंगं हाताळली होती. म्हणून मीच म्हणाले, "आबा, रायफलीवर दुर्बीण बसवू." म्हणताना मला खरंच वाटलं होतं की हे सोपं आहे.

कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "चालेल. आम्हाला कागदावर भोक दिसलं पाहिजे."

आम्ही शहाद्याला बंदूक दुरुस्तीच्या परवान्याचे एक म्हातारे मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गेलो. स्कूटी मी चालवत होते, आबा मागे, मांडीवर कव्हरातली रायफल. बोल्ट काढून माझ्या कॉलेजच्या बॅगेत ठेवलेला. रायफल आणि बोल्ट एका माणसाजवळ न्यायचे नाहीत, हा आबांचा नियम. प्रॅक्टिकलच्या वहीला त्या दिवशीपासून तेलाचा डाग आहे.

मिस्त्रींनी रायफल हातात घेतली, वजन तोललं आणि हसले.

"फौजी, म्हातारी झाली तुमची बंदूक. आणि चष्मा तिला लावताय? चष्मा तुम्ही लावा ना."

"तुम्ही तुमचं काम करा मिस्त्री," आबा म्हणाले.

"करतो. दोन भोकं पाडावी लागतील इथे बाजूला. मग दुर्बीण हलायची नाही."

"छेद पाडाना नही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, दसऱ्याला रायफल पाटावर मांडून आम्ही तिची पूजा करतो. छेद पडलेलं शस्त्र आबा पाटावर ठेवणार नाहीत. मिस्त्री म्हणाले, बरं. त्यांच्याकडे एक जुनी दुर्बीण होती आणि भोक न पाडता बसणारी एक बैठक होती. त्यासाठी मागची खाच काढावी लागली. तिची पिन ठोकून काढताना आबा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. खाच आणि पिन मिस्त्रींनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिली. "जपून ठेव ताई. परत लागेल," ते म्हणाले. मी तेव्हा मनात रागावले.

पुढचे आठ दिवस कॉलेजातून आले की मी तेच करायची. दुर्बिणीतली उभी तार सरळ आहे की नाही हे कळायला मी अंगणातल्या कडुनिंबाला दोरी बांधली, तिला दगड टांगला आणि तार त्या दोरीशी जुळवली. मग बोल्ट काढून नळीतून टाकीवरची चुन्याची खूण बघायची, आणि तीच खूण दुर्बिणीत मध्यावर आणायची. दुर्बीण उंच बसल्यामुळे आबांचा गाल लाकडी दस्त्याला टेकेना. आईने जुन्या लुगड्याची जाड घडी शिवून दिली, ती आम्ही दस्त्यावर बांधली.

"बंदुकले गादी," आई म्हणाली, "आन माले फाटेल गोधडी."

"तू बी निशाण लाव, तुलेबी गादी दिसू," आबा म्हणाले. त्या आठवड्यात ते तेवढंच हसले.

शेवटी डोळ्याचं अंतर. दुर्बिणीपासून डोळा चार बोटं मागे राहिला तर पूर्ण गोल दिसतो. मी आबांना खाटेवर बसवलं. ते बनियनवर होते, पाठ भिंतीला टेकलेली. मी दुर्बीण मागेपुढे करत राहिले.

"आबा, दिखस का?"

"दिखस."

"टाकीवरनी खूण?"

"साफ दिखस. कस आते स्क्रू."

मी स्क्रू आवळले. प्रत्येक वेळी विचारलं, प्रत्येक वेळी ते दिखस म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं.

चांदमारीवर सकाळी नऊलाच ऊन लागत होतं. सात-आठ गनमन होते. आबांनी खाकी गणवेश घातला होता. एक जण म्हणाला, "फौजी, विमान पाडाले आणी का काय?" सगळे हसले. आबांनी माझ्याकडून बोल्ट घेतला. आधी एक गोळी अंदाजासाठी मिळणार होती. आबा फौजेच्या पद्धतीने पालथे झोपले, पाय फाकवून, कोपरं रोवून.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पालथं झोपलं की मान पुढे जाते. मी अंतर घेतलं होतं ते खाटेवर बसलेल्या माणसाचं. त्यांचा डोळा दुर्बिणीला जवळजवळ चिकटला होता. मी "आबा" म्हणाले, पण कानात कापूस घातलेला होता, माझ्याही आणि त्यांच्याही.

रायफलीने मागे झटका दिला आणि दुर्बिणीची कड त्यांच्या भुवईत घुसली. रक्त नाकावरून घडीवर आलं, आईच्या लुगड्यावर. अधिकारी थांबा म्हणाले. आबा म्हणाले, "पाच बाकी आहेत, साहेब." रुमाल बांधून त्यांनी पाचही गोळ्या मारल्या. प्रत्येकीच्या आधी ते डोकं मागे घ्यायचे आणि बघता बघता ते पुन्हा पुढे जायचं.

कागदावर एकच भोक होतं. तेही गोलाच्या कडेला.

परत येताना नंदुरबारच्या दवाखान्यात भुवईला चार टाके घातले. टाके घालणाऱ्या डॉक्टर मॅडमनी बॅटरी डोळ्यावर धरली आणि विचारलं, "या डोळ्याने किती महिने दिसत नाही?"

आबांनी रुमालाची घडी केली. मग म्हणाले, "दीड वर्ष झालं असेल. धुकं आहे."

मोतीबिंदू होता, पिकलेला. दुर्बीण लांबची वस्तू मोठी करते. मोठी केलेली वस्तूसुद्धा त्या धुक्यातूनच आत जाणार होती. हे मला भौतिकशास्त्र शिकूनही सुचलं नव्हतं. दवाखान्याच्या बाकावर बसून मी विचारलं, मग रोज 'दिखस' असं का म्हणत होतात?

"डोया कापेल माणूसले बंदूक कोन दी? म्हणीसन कोनले सांगं नही," ते म्हणाले. मग भुवईवरची पट्टी चाचपत म्हणाले, "आन तू दोरी बांधी, खाले बशी, तार जुळाडे. तुले कसं सांगू, दिखस नही म्हणीसन?"

 मला फार थकल्यासारखं झालं होतं. स्कूटी मी हळू चालवली.

कारखान्याने त्यांना ठेवलं, पण दुसऱ्या फाटकावर, उसाच्या गाड्या आत घेतात तिथे. शिट्टी आणि दांडकं. त्यांच्या जागेवर नवा गनमन आला. दसऱ्याच्या आधी डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी पुडी घेऊन शहाद्याला गेले, यावेळी आबा मागे काळा चष्मा लावून. मिस्त्रींनी दुर्बीण काढली, खाच परत बसवली, पिन ठोकली. ते काही चेष्टा करतील म्हणून मी तयार होते. त्यांनी फक्त आबांना चहा पाजला.

दसऱ्याला रायफल पाटावर मांडली. आईने हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल बोल्टवर ठेवलं. पूजा झाल्यावर आबांनी चष्मा कपाळावर सरकवला, रायफल उचलली आणि अंगणाकडे धरली. निंबाची दोरी मी अजून सोडली नव्हती.

"माशी साफ दिखी ऱ्हायनी," ते म्हणाले.

या वेळी मी 'दिखस का' असं विचारलंच नव्हतं.

"दोरीवर मुंग्या चढी ऱ्हायन्यात. लाल."

मी उठून झाडापाशी गेले. दगडापासून वर एक बारीक रांग चालली होती. लाल मुंग्यांची. मी ओट्याकडे वळून "हो" म्हणाले. आबांनी मान हलवली, बोल्ट काढून माझ्याकडे दिला, रायफल कव्हरात घातली आणि कव्हराचा बंद बांधला. दोनची पाळी होती. आईने डबा भरून ठेवला होता. त्यांनी दाराआडचं दांडकं घेतलं, चष्मा खाली ओढला आणि निघाले. मी बोल्ट हातात घेऊन उभी होते. तो कुठे ठेवायचा हे विचारायचं राहून गेलं.