रुखवतातली तांबडी बाहुली

माझ्या धाकट्या जावेकडे रंगांची एक विलायती पेटी होती. पत्र्याची, बाहेरून काळी, आतून पांढरी, आणि खाचाखाचांत रंगांच्या वड्या बसवलेल्या. तिचा भाऊ बेळगावात कँपातल्या एका दुकानात नोकरीला होता, त्यानं ती तिला लग्नात दिली होती. लढाई चालू होती, विलायती माल बाजारात औषधालाही मिळत नव्हता, आणि ही बया लिंबासारखा पिवळा आणि पोपटासारखा हिरवा घेऊन बसलेली. तिनं पेटी उघडली की माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला सांगू, अगदी दुखायचं.

एकवेळ पेटीचं सोसलं असतं. पण आमची नणंद तिच्या नादी लागली, ते सोसवेना. मी निपाणीच्या त्या घरात सून म्हणून आले तेव्हा नणंदेला दात येत होते. सासूबाई कायम आजारी. त्या पोरीला न्हाऊ घातलं मी, तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या मी, गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसले मी. ती माझ्याच पदराला धरून मोठी झाली. आणि आता बघावं तर माजघराच्या उंबऱ्यावर धाकटीच्या खांद्याला खांदा लावून बसलेली. या वडीत ती वडी मिसळली की कोणता रंग होतो, ते दोघी बघायच्या आणि हसायच्या. मी आत भाकऱ्या बडवायची. भाकरीवरचा हात जरा जोरातच पडायचा.

नणंदेचं लग्न संकेश्वरच्या घरात ठरलं आणि रुखवताची तयारी निघाली. आमच्याकडे रुखवतात लाडू-करंज्यांच्या बरोबरीनं हातानं केलेल्या लहान लहान वस्तू मांडायच्या. विहीर, मोट, बैलजोडी, तुळशीवृंदावन, सगळं वीतभर उंचीचं. सासूबाईंनी कामं वाटून दिली. घर आणि देऊळ धाकटीनं करायचं, आणि विहीर, बैल आणि नवरीची बाहुली मी. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक सांगितलं. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून जायचा मान तसा थोरल्या सुनेचा, पण पोरगी म्हणेल तीच जाईल. मी मान हलवली. मनात म्हटलं, आता बघायचं, पोरगी कुणाची ते.

रंगांतलं मला काही कळत नव्हतं असं कुणी समजू नये. माझं माहेर उचगावचं. बेंदराच्या सणाला आमच्या घरचे मातीचे बैल गल्लीत नावाजलेले असत, आणि ते रंगवायची माझी आई. रंग डोळ्यांनी घ्यायचा नसतो, बोटांनी घ्यायचा, हे मी तिच्याकडून शिकले. दुकानात पुडी सोडली की चिमूटभर ओल्या अंगठ्यावर चोळून बघायची. चरचरला तर त्यात विटेची भुकटी आहे असं समजायचं. मग भांड्यातल्या पाण्यात टाकायची. पाणीच रंगलं तर तो कापडाचा रंग. दिसायला झगझगीत, किमतीला स्वस्त, पण चार दिवसांच्या उन्हात विटतो आणि हाताला लागतो. जो तळाशी बसतो आणि वर पाणी निवळ ठेवतो, तो मातीला धरतो. काजळी घरच्या दिव्याची, निळा धोब्याच्या निळीचा, गेरू तर फुकटासारखाच. तो पाण्यात कालवून खडे खाली बसू द्यायचे आणि वरची साय तेवढी घ्यायची. बाभळीचा डिंक बेतानं घालायचा. जास्त झाला तर रंगाला भेगा पडतात, कमी झाला तर रंग झडतो. प्रत्येक रंग आधी फुटक्या कौलावर लावून माळवदावर उन्हात ठेवायचा, मगच वस्तूला.

अशी मी सगळी जमवाजमव केली. बैल गेरूचे, शिंगं निळी, विहिरीला राखी रंग. अडलं ते एका पिवळ्यावर. नवरीच्या बाहुलीला लग्नाचं पिवळं लुगडं पाहिजे, नाहीतर ती नवरी कसली? आणि बाजारात धड पिवळा मिळेना. एक पुडी चरचरीत, दुसरीनं पाणी रंगवलं, आणि हरताळाचा पिवळा खडा परवडत नव्हता. शिवाय तो विषारी, पोराबाळांच्या घरात आणायचा कसा?

धाकटीला हे कळलं असावं. एका दुपारी ती आपल्या पेटीतली पिवळी वडी तळहातावर घेऊन माझ्यापुढं आली. म्हणाली, आक्का, ही घ्या, माझं देऊळ झालंय. वडीच्या मध्ये खड्डा पडला होता, पण लुगड्यापुरता रंग होता. नणंद तिच्या मागं उभी राहून बघत होती. ती नसती तर मी घेतलीही असती. मी म्हटलं, माझ्याकडं आहे. नव्हता काही. पण तिच्या वडीनं रंगवलेली बाहुली घेऊन मी संकेश्वरला मिरवू? त्यापेक्षा बाहुली नागडी गेलेली परवडली.

ती गेल्यावर मी हळद उगाळली. घरची हळद, गर्द पिवळी. डिंकात कालवली आणि कौलावर ओढली. अहाहा, काय उठली! विलायती वडीच्या तोंडात मारेल अशी. सकाळ ते संध्याकाळ उन्हात ठेवली तरी थोडीशीच उतरली. लग्नापुरती टिकली की झालं, असं म्हणून मी खूश झाले.

आता खरी गंमत पुढं आहे. धाकटीनं आपलं देऊळ रंगवायच्या आधी त्याला पांढरा हात दिला होता. खाली पांढरं असलं की वरचा रंग उजळतो, हे मी तिचं बघून ठेवलं होतं. शहाणपण तिचं होतं, म्हणून तोंडानं विचारलं नाही, नुसतं उचललं. पानाच्या डब्यातला चुना घेतला, पाण्यात सारखा केला आणि बाहुलीला डोक्यापासून पायापर्यंत लावला. वाळल्यावर बाहुली हातात घेऊन निऱ्यांवर हळदीचा पहिला फराटा ओढला.

कुंचला उचलेपर्यंत पिवळ्याचा तांबडा झाला. मला वाटलं कुंचल्याला गेरू राहिला असेल. धुतला आणि पुन्हा ओढला. आणखी तांबडा. मग मी चिडून वर दुसरा हात दिला, तसं लुगडं भाजलेल्या विटेसारखं झालं.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, दर वर्षी या घरात कुंकू कोण करतं? मीच करत होते. हळदीत चुना घालून याच हातांनी कुंकू करणारी बाई मी, आणि चुन्यावर हळद फासत बसले होते. धाकटीची वडी नको आणि धाकटीची युक्ती मात्र पाहिजे, त्याचं हे फळ. बाहुली खरवडायला घेतली तर नणंदेनं माझ्या हातातून काढून घेतली. तशीच ऱ्हाऊ दे म्हणाली आणि तिला आपल्या खणांच्या ट्रंकेत नेऊन ठेवलं. मला वाटलं, पोरगी माझी लाज झाकते आहे. त्यानं आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत उघडलं. धाकटीच्या देवळापुढं बायकांची ही गर्दी! माझ्या बैलांनाही बरं म्हणाल्या. मग संकेश्वरकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं बाहुली उचलली आणि विचारलं, नवरीला तांबडं का नेसवलं? मी मागं सरकले. तेवढ्यात धाकटी पुढं झाली आणि म्हणाली, "आमच्या घरची हळद, तुमच्या उंबऱ्यात तिचं कुंकू झालं." सगळ्या बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिनं माझी अब्रू राखली हे मला कळत होतं. पण बाहुली माझी आणि वाहवा तिची, हेही कळत होतं, आणि दुसरं जास्त झोंबत होतं.

जेवणावळी उठल्यावर सासूबाईंनी नणंदेला विचारलं, पाठराखीण कोण? मी पलीकडं वाढपाची भांडी गोळा करत होते. पोरगी खाली बघून म्हणाली, धाकटी वैनी.

मी भांडी घेऊन मागल्या दारी गेले. राग, रडू, काय काय दाटून आलं. वाटलं, पेटीनं नेली माझी पोर. दात येत असल्यापासूनचं सगळं एका पत्र्याच्या पेटीपुढं वाहून गेलं. उद्या संकेश्वरला ती पहिल्यांदा पानावर बसेल तेव्हा शेजारी ती दुसरी असेल. नव्या घरात पहिल्या रात्री रडू आलं तर डोळे तीच पुसेल.

मोटार दारात लागली. रुखवताच्या पाट्या टपावर चढल्या. सगळ्यांच्या पाया पडत पडत नणंद माझ्यापर्यंत आली. मी तोंड घट्ट मिटून तिची ओटी सारखी केली. ती वाकली, उठली, आणि पाया पडून झालं तरी पुढं सरकेना. मग माझ्या कानाशी म्हणाली, "वैनी, तू संगं आलीस तर मी तितं ऱ्हायची न्हाय. तू मागारी निघालीस की तुज्या मागनं पळत यीन. म्हणून तिला न्यायलोय."

ती मोटारीत बसली तेव्हा तिच्या ओटीत नारळाशेजारी तांबड्या लुगड्याची बाहुली दिसली. ती टपावर गेलीच नव्हती. धाकटी तिच्या शेजारी बसली आणि तिनं पोरीचा हात आपल्या हातात घेतला. त्या जागेचा मला तेव्हाही हेवा वाटला, आणि आज म्हातारपणीही वाटतो.