कडेची जागा

धुळ्याबाहेरच्या नाक्यावर माझ्या गाडीपुढच्या मालट्रकच्या चालकाने पोलिसाला पैसे दिले. तरीही ट्रक निघताना पोलिसाने ताडपत्रीवर काठी हाणली. आत सातपुड्याच्या पायथ्याची, ऊसतोडीला निघालेली माणसं होती.

पुढच्या टपरीवर ती चहाला उतरली; मीही तिथे थांबलो. ट्रकमध्ये ताडपत्रीलगत कडेला बसून आलेल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर भर उन्हात गोधडी बांधलेली होती.

"आबा, एवढ्या उन्हात गोधडी?" मी विचारलं.

"हाई थंडीनी नही, भाऊ. काठीनी शे," तो हसून म्हणाला. "काठी कडेवालालेच लागस."

शेजारी त्याची गरोदर सून पाणी पीत होती.

चालक सगळ्यांना उद्देशून ओरडला, "चला, बठ्ठा बसा! पुढे आजून एक नाका शे."

म्हाताऱ्याने गोधडी सोडली, सुनेच्या पोटाभोवती गुंडाळली आणि ट्रकमध्ये तो पुन्हा ताडपत्रीलगत कडेलाच बसला.