पिंपातला राब

सासूबाईंना जाऊन दोन पावसाळे झाले, तरी गच्चीचं दार उघडताना मी अजून खाकरते. तिथं पिंपापाशी कुणी बसलं असेल, असं वाटतं. हसायचं तर हसा. मी कचेरीत फायली हाताळणारी बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या पिंपाजवळ एकटीनं उभं राहायला मला भीती वाटते.

त्यांचं शेत गुंजवण्याकडचं. धरणाचं पाणी शेतावर चढायच्या आधी त्यांनी बांधालगतची माती घमेल्यांनी टेम्पोत भरली आणि भोरला आमच्या गच्चीवर, अर्ध्या कापलेल्या लोखंडी पिंपात आणून ओतली. मातीबरोबर गांडुळं आली. राखाडी, वीतभर लांब, खोल जाणारी. त्यांच्या जिवावर त्या पिंपात वांगी, मिरच्या, घेवडा, काय म्हणाल ते यायचं. कितीही पाणी ओता, वर साचायचं नाही, कारण गांडुळांनी आतून वाटा करून ठेवलेल्या. वर रव्यासारखी त्यांची विष्ठा दिसायची, तेच खत. शेजारी माझ्या कुंड्या पिशव्या पिशव्या खत खाऊनही रडत असायच्या. मला त्याचा रागच यायचा.

एका उन्हाळ्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला वेल्ह्याला गेल्या. पिंपात तेव्हा काही लावलेलं नव्हतं, नुसती माती होती. जाताना म्हणाल्या, "मातीला पानी तेवढं घाल. दुसरं काय करू नगं."

मी नेमकं दुसरंच केलं. माझं माहेर हिर्डोशी. आमच्याकडे भाताचं बी टाकायच्या आधी त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात, त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, रोप जोमानं येतं. वाटलं, त्या येईपर्यंत पिंप तयार करून ठेवू, निदान एकदा तरी शाबासकी मिळेल. आठ दिवस पाणी तोडलं, वर आंब्याची पानं आणि गोवऱ्या रचल्या, आणि पेटवलं. शेतात गांडुळं खाली निघून जातात. इथं खाली पत्रा होता. पिंपाचा चटका हाताला बसेपर्यंत हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळापर्यंत उकरलं. एकही जिवंत नव्हतं. मी तिथंच बसून रडले. मग गांडूळखत विकणाऱ्या एकाकडून लाल, बारीक गांडुळं आणून मातीत सोडली. "ही वरवरच राहत्यात, कचरा खात्यात," तो म्हणाला. मला तेवढी पुरे होती.

सासूबाई आल्या त्या थेट गच्चीवर. मनगटापर्यंत हात मातीत घातला. एक लाल गांडूळ तळहातावर घेऊन बघत राहिल्या. मग मूठभर माती नाकाशी नेली.

"राब भाजलास व्हय?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी ते गांडूळ जपून मातीखाली सरकवलं. "शेतातली समदी पानी चढलं तवाच बुडाली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पिंपातली तेवढीच गांडुळं वाचली हुती. खरं सांग, भाजलास?"

त्या रागावल्या नव्हत्या. फक्त विचारत होत्या. मी पुन्हा नाही म्हणाले.