आईची टोळी निघाली तेव्हा मी मालगाडी चालवत होतो

खेळतो म्हणून पुन्हा हिणवू नको, दादा. बंगलोरला साहेबाच्या बागेत वीतभर उंचीची रेल्वे हाय. बाग सांभाळून तिची मालगाडी चालवायची, हे माझं काम.

आज शेवगावातनं आईची टोळी ऊसतोडीला निघाली. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाला, "पाहुणे येणारेत, मालगाडी कोण चालवणार?"

मग मी डब्यांत खऱ्या उसाची कांडकी भरली. आई बांधते तशा, उसाच्याच पाल्यानं मोळ्या बांधल्या. पाहुण्यांनी फोटो काढले. साहेब चिडला, "मुंग्या लागतील, फेक ते!"

फेकलं. मोकळे डबे फिरवत हुतो, तेव्हाच आईचा फोन आला. "ट्रकात बसले रं. जेवलास का?"

जेवलो म्हणालो.

तू काय केलं असतंस?

दादा, तिला भेटायला जाशील तेव्हा तोडीत घालायला बूट घेऊन जा. बाराशे पाठवतोय.