गाडी दारात, गिऱ्हाईक बाकावर

आठवीत शाळा सोडली तेव्हा मला दोनच गोष्टी नीट येत होत्या: एकोणतीसपर्यंतचे पाढे आणि घाबरणं. पाढे बरेचसे विसरलो. घाबरण्यावर मात्र धंदा उभा राहिला.

माझा धंदा गलाईचा. सराफ जुने, मोडके दागिने आणून देतात. मी ते मुशीत वितळवतो, मळ काढतो आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत देतो. सांगलीकडच्या आमच्या कोरड्या भागातली गावंच्या गावं याच कामासाठी देशभर पांगली. मी पांगलो तो बंगळूरच्या नगरतपेठेत येऊन थांबलो. एवढंसं दुकान, एक भट्टी, एक काटा आणि भिंतीला लावलेला एक लाकडी बाक.

त्या बाकावर कुणी बसत नाही, ही माझी खरी मिळकत. सराफ येतो, पुडी काट्यावर ठेवतो, वजन बघतो आणि सरळ कोपऱ्यावर कॉफी प्यायला जातो. वितळताना सोनं थोडं कमी भरतंच. त्याला आम्ही घट म्हणतो. परत आल्यावर घट किती झाली ते मी सांगतो, तो मान हलवतो, लगड खिशात टाकतो. ज्या दिवशी तो कॉफीला न जाता बाकावर बसून भट्टीकडे बघत राहील, त्या दिवशी आपण गाशा गुंडाळायला लागावं, असं आमच्यात मानतात.

हा कॉफीचा रिवाज मला मिळवून दिला अण्णांनी. अण्णा मल्लेश्वरमचे सराफ. घराणं मूळचं मराठीच; त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. मी नवीन दुकान लावलं तेव्हा शेजारीपाजारी मला काम द्यायला कचरत होते. अण्णांनी बायकोची तुटकी पाटली माझ्या हातावर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "मी काफीला जाऊन येतो रे." मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. अठरा वर्षं झाली. त्या पाटलीवर माझी दोन पोरं शिकली.

आता गाडीचं सांगतो.

दरवर्षी गावच्या जत्रेला सगळीकडचे गलाईवाले परत येतात आणि गाड्या शाळेच्या मैदानात लावतात. कोइमतूर, कानपूर, गुवाहाटी... नंबरप्लेटी वाचून माझा राहिलेला भूगोल तिथंच पुरा झाला. मी मात्र एसटीनं जातो. यंदा बायकोनं विषय काढला.

"औंदा तरी गाडीनं जायाचं का?"

"एसटी पण गाडीच की."

"तिच्या खिडकीतनं तोंड काढून मी कुणाला हात करू? आन् कंडक्टरच्या शेजारी बसल्याव फोटो कसला येतोय?"

मी घाबरलो की कुणाला तरी विचारतो. मराठी मंडळाच्या गणपतीत मारतहळ्ळीला राहणारा पुण्याचा एक संगणकवाला ओळखीचा झाला होता, त्याला विचारलं.

"काका, तुम्ही रॉंग क्वेश्चन विचारताय," तो म्हणाला. "परवडते का, हा इश्यूच नाहीये. तुम्ही बिझनेस ओनर आहात. बिझनेस ओनरने लक्झरी कार केव्हा घ्यायची? ब्रँड एस्टॅब्लिश झाला की!"

"माझा कसला ब्रँड?"

"ट्रस्ट!"

"तो आहे की मग."

"एक्झॅक्टली! पण तो दिसतोय का कुठे? दिसला पाहिजे, काका."

त्यानं मला मोबाइलवर एक तक्ता पाठवला. त्यात हिरवे आणि लाल चौकोन होते. मी हिरव्यात बसत होतो म्हणे. तो स्वतः कंपनीच्या बसनं जातो. त्याचा ब्रँड बहुतेक कंपनी सांभाळते.

हिरव्यात बसतो म्हटल्यावर शोरूमला गेलो. फरशी इतकी स्वच्छ होती की मी चपला दारात काढल्या. रखवालदार त्या उचलून माझ्या मागून आला. आतल्या बाईंनी विचारलं, "सर, आपका बिझनेस?" मी म्हणालो, "गोल्ड." लगेच माझी प्लास्टिकची खुर्ची बदलून चामड्याची आली. पाणी आलं, मग बदाम आले. बाईंनी मला मुळीच विचारलं नाही की गाडी घ्यायची का. त्यांनी विचारलं, रंग कुठला.

मग इंग्रजी फॉर्म आला. लोकांसमोर मी इंग्रजी फॉर्म भरत नाही. अक्षरं वळतात, पण वेळ लागतो आणि कान तापतात. त्यासाठीच कार्ड छापून घेतलंय. खिशातलं कार्ड पुढं केलं. बाई म्हणाल्या, "हम ट्रायल के लिए गाडी आपके यहां भेजेंगे." मी घाईत कानडीतच "सरी" म्हणालो, म्हणजे बरं. कार्डावर पत्ता दुकानाचा होता, हे घरी जाऊन जेवायला बसल्यावर ध्यानात आलं. पण मग फोन करून बदलायची लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसांना काय त्रास द्यायचा!

गुरुवारी अकरा वाजता, ऐन गर्दीत, ती आमच्या गल्लीत शिरली. ज्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं, तिथं. काळी, लांब आणि जराही आवाज न करणारी. आवाज बाकीचे करत होते. माझ्या दारात येऊन ती अडकली, पुढंही जाईना आणि मागंही जाईना. शोरूमच्या माणसानं उतरून दार उघडलं आणि अख्ख्या पेठेदेखत मला वाकून नमस्कार केला. समोरचे सराफ, त्यांचे नोकर, वरच्या गॅलरीतल्या बायका, सगळे बघत होते. ट्रायल म्हणून मी आत बसलो. पाऊण तास बसलो. गाडी एक इंचही हलली नाही. सीट मात्र फार छान होती.

शुक्रवारी पहिलं गिऱ्हाईक आलं. पुडी ठेवली, वजन बघितलं आणि बाकावर बसलं.

"काफी?" मी विचारलं.

"नको. पित्त होतंय."

दुसरा आला. त्यालाही पित्त. तिसरा म्हणाला, "भट्टीकडं बघितलं की मन शांत होतं." अठरा वर्षं त्याचं मन कसं राहिलं होतं कुणास ठाऊक. दुपारपर्यंत बाक भरला आणि एक जण उभा राहिला. दाराबाहेर दोघांचं हिंदीत चाललं होतं, मला ऐकू यावं इतपत हळू.

"पुढचं डावं चाक माझं हं. तुझं कुठलं?"

"माझं कसलं चाक! माझ्या घटीत नुसता आरसा आला असेल."

मी सगळ्यांना सांगून बघितलं, अहो, गाडी घेतलेली नाही, फक्त बघायला आली होती. त्यानं जास्तच बिघडलं. घेतलेली गाडी एकवेळ कर्जाची असू शकते. बघायला येणारी गाडी ज्याच्याकडं पैसे पडून आहेत त्याच्याकडंच येते. माझे हात कापायला लागले. ज्याचे हात कापतात तो गलाईवाला चोर दिसतो, आणि चोर दिसतोय हे कळल्यावर हात आणखी कापतात.

शनिवारी अण्णा आले. पुडी ठेवली. वजन बघितलं. मग धोतराचा सोगा सावरून बाकावर बसले.

मी लगड केली. त्यांनी ती घेतली. 

रविवारी सकाळी सातला स्कूटर काढून मल्लेश्वरमला गेलो. पायच धरायचे, असं ठरवलं होतं. अण्णा घराच्या तळघराचं शटर ओढत होते. मला बघून दचकले. मग इकडंतिकडं बघून म्हणाले, "बेगीन आत ये."

आत एक गाडी उभी होती. गुरुवारी माझ्या दारात अडकली होती त्याच कंपनीची, तिच्याहून मोठी. इंजिन अजून गरम होतं. अण्णा तिच्यावर जाड कापड ओढू लागले. दुसरं टोक मी धरलं.

"सात वर्षं झाली," ते म्हणाले. "दर रविवारी पहाटे विमानतळापर्यंत जातो आणि येतो."

"कुणाला आणायला?"

"कुणाला न्हाई रे. जातो आणि येतो. मला गाडीत बघितलं की गिऱ्हाईक घडणावळीत घासाघीस करतंय. पलीकडच्या डॉक्टरची पण आहे, कापडाखालीच." मग गंभीर होऊन म्हणाले, "तू केव्हा घेऊ म्हणून विचारत फिरतोस म्हणे. लपवायला जागा झाली की घे."

आमच्या इमारतीत स्कूटर जिन्याखाली लागते, तीही तिरकी. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "अण्णा, तुम्हीपण बसलात."

ते कापडाची घडी नीट करत राहिले. "बसलो. पेठेतल्या पोरांना कळलं, मारतहळ्ळीतल्या कुणाला कळलं, मला कळलं न्हाई. मग वाटलं, आणखी काय काय मला कळलं न्हाई?"

मी सगळं सांगितलं. चपला, बदाम, कार्ड. कार्डापाशी ते इतके हसले की गाडीला टेकले.

"फॉर्म भरायला माझ्याकडं आणायचा, वेड्या. एनप्पा, काय रे हे, एवढा धंदा शिकलास आणि पत्ता द्यायला शिकला न्हाईस."

सोमवारी बाक भरलेला असताना अण्णा आले. पुडी ठेवली. काट्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि बाकाकडं वळून कानडीत, पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी काफीला चाललोय. कोण येतंय? पैसे माझे."

बाकावरच्या सगळ्यांपेक्षा अण्णा जुने सराफ; त्यांना नाही म्हणायला कुणाची जीभ वळत नाही. ज्याचं मन भट्टीकडं बघून शांत होत होतं तो पहिला उठला. मग पित्तवाले उठले. एक जण राहिला, त्याला खरंच पित्त होतं; पण एकटं बसायची लाज वाटून तोही गेला.

मी एकटा उरलो. समोर सात जणांचं सोनं आणि कुणीही बघत नव्हतं. अठरा वर्षांत मी इतका आनंदात कधी नव्हतो. हात थांबले होते.

तेवढ्यात फोन वाजला. शोरूमच्या बाई. "सर, फिर क्या सोचा? बुकिंग कब करें?"

आनंदाच्या भरात मी माझ्या हिंदीत सांगितलं, "मॅडम, आज दुकान में कोई नहीं है! एक भी आदमी नहीं!"

मग बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, आजारी माणसाशी बोलतात तसा. "ओह. कोई बात नहीं, सर. आप टेन्शन मत लीजिए. जब अच्छा टाइम आए, तब." आणि त्यांनी फोन ठेवला, तो पुन्हा कधी केलाच नाही.